एअरबॅग किती हे नंतर, चालू किती हे आधी

गाडीच्या मीटरमध्ये एक छोटे चित्र असते: पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा. चावी फिरवली की ते लाल किंवा पिवळसर रंगात काही सेकंद दिसते आणि विझते. ज्यांच्या गाडीत ते विझत नाही, त्यांना आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो. “एअरबॅगची लाइट आहे ना? मग सोडून द्या. गाडी पळतेय, ब्रेक लागतोय, इंजिनाची काही तक्रार नाही. सेन्सरचा प्रॉब्लेम असतो तो. फारच डोळ्यांत खुपत असेल तर लाइटच काढून टाकू.” हा सल्ला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला देतो, सोसायटीच्या पार्किंगमधले जाणकार देतात आणि जुनी गाडी गळ्यात मारणारा एजंट तर तो हमखास देतो.

हा सल्ला चुकीचा आहे. त्याचा शेवटचा भाग, म्हणजे दिवाच काढून टाकण्याचा, नुसता चुकीचा नसून दुसऱ्याच्या जिवाशी केलेली फसवणूक आहे. तो देणारे सगळेच लोक वाईट नसतात. बहुतेकांना समोरच्याचे चार पैसे वाचवायचे असतात. म्हणून या सल्ल्याला नुसते हसून चालणार नाही. त्याची एकेक बाजू घेऊन उत्तर द्यायला हवे.

आधी या सगळ्याची पार्श्वभूमी पाहू. आपल्या देशात एअरबॅगविषयी गेल्या काही वर्षांत भरपूर बोलले गेले. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही ती सक्तीची करण्यात आली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही महिने देशभर मागचे पट्टे आणि सहा एअरबॅग हाच विषय होता. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा अपघाताच्या आधीच आला होता; तिची तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे गेली आणि शेवटी ती सक्ती करणार नसल्याचे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले. त्याच सुमारास गाड्यांच्या धडक-चाचणीवर आधारलेली भारत एनकॅपची तारांकने सुरू झाली. आता शोरूममध्ये गेलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “एअरबॅग किती? स्टार किती?”

हे चांगलेच झाले. पण या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारला नाही: गाडीत आज ज्या एअरबॅग आहेत, त्या चालू आहेत का? सहा एअरबॅगची गाडी हौसेने घेणारा माणूस चार-पाच वर्षांनी तो दिवा जळत ठेवून महिनोन्‌महिने फिरतो, तेव्हा त्याच्या गाडीत प्रत्यक्षात किती एअरबॅग उरल्या? कदाचित सहा, कदाचित पाच, कदाचित एकही नाही. त्यालाही ते माहीत नसते. २०१९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या लाखो गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. वायरी, स्प्रिंगा, जोडण्या जुन्या होत आहेत. हा दिवा येत्या काळात आणखी गाड्यांत दिसणार आहे. म्हणून हा वाद आत्ताच निकाली काढणे गरजेचे आहे.

दिवा नेमके काय सांगतो, ते समजून घेऊ. ब्रेक आपण रोज दाबून पाहतो. हॉर्न वाजवून पाहतो. वायपर, हेडलाइट, टायरमधली हवा, सगळे तपासता येते. एअरबॅग मात्र उघडून पाहता येत नाही, कारण एकदा उघडली की ती संपली. म्हणून ही तपासणी गाडीच स्वतःची स्वतः करते. बहुतेक गाड्यांत सीटांच्या मधल्या भागात, जमिनीलगत, एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा असतो. चावी ‘ऑन’ झाली की तो प्रत्येक एअरबॅगच्या वायरीतून अगदी किंचित विद्युतप्रवाह सोडतो आणि विरोध मोजतो. एअरबॅग पेटवणाऱ्या छोट्या घटकाचा विरोध साधारण दोन-तीन ओहम असतो. तो जास्त भरला तर वायर तुटली आहे किंवा जोडणी सैल झाली आहे. फारच कमी भरला तर कुठेतरी शॉर्ट आहे. समोरचे सेन्सर, पट्ट्याचे बकल, बॅटरीचा दाब, स्वतःची स्मृती, हे सारे तो पाहतो. सगळे जागेवर असेल तर दिवा विझवतो. नसेल तर दोषाचा कोड नोंदवतो आणि दिवा जळता ठेवतो.

अपघातात एअरबॅगला वेळ फार थोडा मिळतो. आघात झाला हे ओळखणे, तो एअरबॅग उघडण्याइतका मोठा आहे का हे ठरवणे आणि पिशवीत वायू भरणे, हे सगळे शरीर पुढे फेकले जाऊन स्टीअरिंगपर्यंत पोहोचायच्या आत व्हावे लागते. पिशवी फुगायला सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. त्या क्षणी सैल जोडणीला ‘जरा हलवून बघू’ अशी सवड नसते. म्हणून अनेक गाड्यांत दोष सापडला की ती यंत्रणा पूर्ण बंद ठेवली जाते. काहींत दोष असलेला भाग तेवढा बंद राहतो. आपल्या गाडीत यांपैकी काय झाले आहे, हे चालकाच्या सीटवर बसून कळत नाही. जळता दिवा पाहून शहाण्या माणसाने एकच गृहीत धरावे: आज ठोकर झाली तर एअरबॅग उघडणार नाही.

आता सल्ल्याच्या पहिल्या कलमाकडे येऊ. “एअरबॅग ठीक आहे, फक्त सेन्सरचा प्रॉब्लेम आहे.” हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यातली चूक कुणाच्या लक्षात येत नाही. सेन्सरने सांगितल्याशिवाय डबा निर्णय घेत नाही. डब्याने हुकूम दिल्याशिवाय वायरीतून प्रवाह जात नाही. वायर तुटली असेल तर कोरी करकरीत एअरबॅगही स्टीअरिंगमध्ये घडी घालून पडून राहते. या साखळीतली कुठलीही कडी निकामी झाली, तरी आपटणाऱ्या छातीसाठी परिणाम एकच असतो.

सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषांपैकी एक घ्या. स्टीअरिंग फिरते, पण त्यातल्या एअरबॅगची वायर गाडीच्या अचल भागातून येते. दोन्हींना जोडणारी चपटी, गुंडाळलेली पट्टी स्टीअरिंगच्या मागे एका गोल डबीत असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. वर्षानुवर्षे स्टीअरिंग फिरून ती पट्टी झिजते, तुटते. मग एअरबॅगची लाइट लागते आणि अनेकदा हॉर्न वाजेनासा होतो, स्टीअरिंगवरची बटणे चालेनाशी होतात. हॉर्न गेला की माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो, कारण हॉर्नाशिवाय आपल्या रस्त्यावर गाडी चालवणे त्याला अशक्य वाटते. त्याच पट्टीतून चालकाच्या एअरबॅगची वायर गेलेली असते, हे त्याला कुणी सांगत नाही. ज्याला गॅरेजवाला ‘फक्त सेन्सर’ म्हणतो, तो दोष चालकाच्या छातीसमोरची एअरबॅग बंद पाडतो.

दुसरे कलम जास्त समंजस वाटते. “आम्ही शहरात चालवतो, तीस-चाळीसच्या वर जात नाही, पट्टा लावतो. एवढे पुरे आहे.” पट्टा सर्वांत आधी, याबद्दल माझे दुमत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावल्याच्या नोंदीखाली १६,७१५ मृत्यू आहेत. पट्टा नसलेल्या माणसाला एअरबॅग वाचवू शकेलच असे नाही. उलट, तो तिच्यावर चुकीच्या वेळी, चुकीच्या कोनात जाऊन आदळू शकतो. पण यावरून ‘पट्टा आहे, मग एअरबॅग नको’ असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार समोरून झालेल्या अपघातांत पुढची एअरबॅग चालकाच्या मृत्यूची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी करते, तर तेरा वर्षांवरच्या शेजारच्या प्रवाशाची सुमारे ३२ टक्क्यांनी.

वेगाचा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकेतल्या गाड्यांचे उदाहरण घेतले तर कडक भिंतीवर आदळताना पट्टा न लावलेल्यासाठी ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास आणि पट्टा लावलेल्यासाठी साधारण २६ च्या आसपास पुढची एअरबॅग उघडते. उभ्या असलेल्या तेवढ्याच वजनाच्या गाडीवर आदळताना हे आकडे साधारण दुप्पट धरायचे. म्हणजे ज्या वेगाला आपण ‘हळू’ म्हणतो, तो एअरबॅगच्या कामाच्या टप्प्यातच येतो. शिवाय शहरापुरती म्हणून घेतलेली हीच गाडी गणपतीत कोकणात जाते, शनिवारी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर असते, समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाते. निघताना कुणी जुना दिवा आठवून गाडी घरी ठेवत नाही.

पट्ट्यावर विसंबणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अनेक गाड्यांत पट्ट्यालाही स्फोटक यंत्रणा असते. धडक बसताच ती पट्टा झटक्यात मागे खेचून शरीराला सीटशी आवळते. तिला प्रीटेन्शनर म्हणतात. तिला हुकूम देणारा डबा तोच आणि बिघाड सांगणारा दिवाही तोच. ‘एअरबॅगची लाइट आहे, पट्टा तर आहे ना’ असे म्हणणाऱ्याचा पट्टाच कदाचित त्या दिव्यामागचे कारण असतो.

तिसरा आक्षेप भीतीतून येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला. ती बातमी वाचून अनेक आई-वडिलांच्या पोटात गोळा आला असेल. ‘असली जीवघेणी वस्तू बंद पडलेलीच बरी’ असे कुणाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. एअरबॅग प्रचंड जोराने उघडते, हे खरेच आहे. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात पुढच्या एअरबॅगच्या आघाताने २९० हून अधिक माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. पण त्यांतले जवळपास ९० टक्के मृत्यू १९९८ पूर्वीच्या गाड्यांतले होते. त्यानंतर एअरबॅगचा जोर कमी करण्यात आला आणि मुलांना मागे बसवण्याचा प्रचार झाला. दुसऱ्या पारड्यात पाहिले तर तिथल्या सरकारी यंत्रणेच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत पुढच्या एअरबॅगने ५०,००० हून अधिक जीव वाचवले.

वाशीच्या घटनेतून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाला मागे बसवा आणि पट्टा लावा. लहान बाळाला त्याच्या वयाच्या सीटमध्ये ठेवा. चालकाने छाती आणि स्टीअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. डॅशबोर्डवर शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाइलचा स्टँड चिकटवू नये, कारण झाकण फुटून उघडते तेव्हा वरची वस्तू माणसाच्या दिशेने सुटते. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर शिवणीची जागा मोकळी न ठेवणारे सीट कव्हर घालू नये. यांतल्या एकाही गोष्टीसाठी एअरबॅग बिघडलेली ठेवण्याची गरज नाही. शिवाय दिवा जळत असताना एअरबॅग उघडणारच नाही, अशी हमी कोणीच देत नाही. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दोन्ही इशारे दिलेले असतात: ती गरजेच्या वेळी उघडणार नाही, किंवा नको तेव्हा उघडू शकेल.

याच बाजूचे लोक टाकाटा कंपनीचे नाव घेतात. घ्यायलाच हवे. त्या जपानी कंपनीने पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. उष्णता आणि दमटपणात ते वर्षांगणिक बिघडत गेले आणि धडकेच्या वेळी धातूची नळकांडी फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसले. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी अशा गाड्या परत बोलावल्या. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या उष्ण, दमट हवेत राहणाऱ्यांनी तर आपल्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हे तपासलेच पाहिजे. पण लक्षात घ्या, टाकाटाचा दोष दिवा दाखवत नव्हता. म्हणजे दिवा विझलेला असला तरी सगळे धड आहे असे नाही. त्यातून ‘मग दिवा जळला तरी काय बिघडले’ हा अर्थ कसा निघतो? काही दोष यंत्राला दिसत नाहीत, म्हणून जो दोष त्याने पाहून सांगितला आहे तोही दुर्लक्षित करायचा, हे तर्कशास्त्र कुठल्याच कामात चालत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. “हे सगळे खरे, पण खर्च?” सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की अख्खे मोड्यूल बदला, वायरिंग बदला, एवढे हजार, तेवढे हजार, असे ऐकून माणूस हादरतो. दहा वर्षांच्या गाडीला असे बिल परवडत नाही. ही तक्रार खोटी नाही. दोष न शोधता महागडा भाग बदलायला लावणारी ठिकाणे आहेत. ग्राहकाचा विश्वास उडाला तर त्याचा दोष ग्राहकावर ढकलता येणार नाही. पण या तक्रारीचे उत्तर ‘दिवा सोडून द्या’ हे नाही. ‘आधी दोष दाखवा, मग भाग सांगा’ हे आहे.

कारण या दिव्यामागची कारणे पुष्कळदा साधी असतात. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कप्लर असतात. गाडीत पिवळे कप्लर म्हणजे सहसा एअरबॅगची वायर. सीट पुढे-मागे सरकवून, खाली पिशव्या कोंबून किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवून ते सैल होतात. बॅटरी कमजोर पडली किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट केली की दाब कमी झाल्याचा कोड नोंदला जातो. बॅटरी धड करून कोड पुसला की प्रश्न मिटतो. बकलमध्ये धूळ किंवा सांडलेला चहा गेला तर त्यातला स्विच अडकतो. पावसाळ्यात कार्पेट भिजले तर सीटखालच्या जोडण्या गंजतात. पुराचे पाणी सीटपर्यंत चढले असेल तर मात्र खर्च खरोखर मोठा असतो, कारण नियंत्रणाचा डबा जमिनीलगतच असतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर किंवा २०१९ च्या सांगली–कोल्हापूरच्या महापुरानंतर ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांना वायरिंगचे दुखणे किती लांबते हे सांगावे लागणार नाही.

म्हणून काय करायचे ते क्रमाने सांगतो. दिवा लागला की त्या आठवड्यातच गाडी एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे कोड वाचतात. एअरबॅगचा डबा त्यांना उत्तर देईलच असे नाही. “काही कोड नाही” असे ऐकले तर स्कॅनरने एअरबॅगचा विभाग उघडला होता का, हे विचारा. कोडचा आकडा आणि त्याचा अर्थ कागदावर मागा. ‘चालकाच्या एअरबॅगच्या मार्गात विरोध जास्त’ आणि ‘डबा निकामी’ या दोन वाक्यांतल्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एस्टिमेट लेखी घ्या. मोठा भाग बदलायला सांगितला तर दुसऱ्या ठिकाणी कोड पुन्हा वाचून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. कोड नुसता पुसून दिला आणि दिवा परत आला, तर काम झालेले नाही. पैसे देण्याआधी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून बघा.

आणि हे काम स्वतः करू नका. बॅटरी काढली तरी डब्यात साठवलेली वीज काही काळ टिकते. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे किती वेळ थांबायचे हे प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. साधा मल्टीमीटर थेट एअरबॅगच्या टोकांना लावून विरोध मोजायला याच पुस्तिका मनाई करतात. सीटखालचे पिवळे कप्लर चावी ‘ऑन’ असताना ओढून बघायचे नसते. यूट्यूब बघून ब्रेक पॅड बदलणाऱ्याचे मी कौतुक करीन. पण याच्या वाटेला जाऊ नका.

आता त्या सल्ल्याच्या शेवटच्या भागाबद्दल, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहिला. दिवा ‘काढून टाकण्याचे’ तीन प्रकार आहेत. पहिला, मीटर उघडून दिवाच काढणे किंवा त्यावर काळी पट्टी लावणे. दुसरा, त्या दिव्याची वायर ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडणे, म्हणजे चावी फिरवल्यावर तो लागल्यासारखा आणि विझल्यासारखा दिसतो. तिसरा सर्वांत दुष्ट: एअरबॅगच्या जागी काही रुपयांचा रेझिस्टर बसवणे. डबा विरोध मोजतो, त्याला हवा तेवढा आकडा मिळतो, तो समजतो की एअरबॅग जागेवर आहे आणि दिवा विझवतो. झाकणामागे प्रत्यक्षात काहीच नसते. जिवाच्या राखणीसाठी ठेवलेल्या पहारेकऱ्याला लाच देऊन गप्प करण्याचा हा प्रकार आहे.

हे कुठे होते, हे गाड्यांच्या बाजारात वावरणाऱ्यांना माहीत आहे. अपघातात एअरबॅग उघडलेली गाडी नीट दुरुस्त करायची तर एअरबॅग, प्रीटेन्शनर आणि बहुधा डबाही बदलावा लागतो, कारण त्यात अपघाताची नोंद राहते. खर्च वाचवण्यासाठी डॅशबोर्ड शिवला जातो, स्टीअरिंगवर नवे झाकण बसते, आत रेझिस्टर जातो आणि गाडी ‘अपघातरहित’ म्हणून विकली जाते. बनावट एअरबॅगचाही धंदा आहे; २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा बनावट एअरबॅग बनवणाऱ्यांना पकडले होते. ‘लाइट काढून टाकू’ हे वाक्य आपण जितक्या सहजपणे ऐकून घेतो, तितका या धंद्याला आधार मिळतो. स्वतःची गाडी स्वतःच चालवणारा माणूस म्हणेल, माझा जीव, माझी मर्जी. पण ती गाडी उद्या विकली जाते. दिवा जळत असता तर घेणाऱ्याने निदान प्रश्न तरी विचारला असता.

म्हणून सेकंडहँड गाडी बघताना एक गोष्ट नक्की करा. चावी ‘ऑन’ करा, इंजिन सुरू करू नका, आणि एअरबॅगचे चित्र बघा. ते लागलेच पाहिजे आणि काही सेकंदांनी विझलेच पाहिजे. अजिबात लागले नाही, तर विझलेला दिवा बघून खूश होऊ नका. तेच सर्वांत मोठे संशयाचे कारण आहे. इंजिन सुरू होताच ते ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर एकाच क्षणी विझले, तरी संशय घ्या. स्टीअरिंगच्या झाकणाचा रंग, डॅशबोर्डवरची शिवण, पट्ट्यांवरची निर्मितीची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का, हे पाहा. रेझिस्टर मात्र यांतल्या कशानेही दिसत नाही. त्यासाठी जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कोड वाचून आणि जोडण्या उघडून पाहाव्या लागतात. तपासणीला नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका.

या सगळ्यात सरकार कुठे आहे? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेसची तपासणी नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी येते. तोवर पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि एअरबॅगचा दिवा दोष दाखवत असेल तर गाडी नापास होते. जपानमध्ये २०१७ पासून असा दिवा जळत असलेली गाडी तपासणीलाच घेतली जात नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात, चालकाला माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने कळू शकणाऱ्या धोकादायक दोषासह गाडी चालवणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. मीटरमध्ये डोळ्यांसमोर जळणारा दिवा हा माहीत असलेला दोष नाही, तर दुसरे काय?

दिव्यापायी सामान्य मालकाला दंड करत सुटा, असे मी म्हणत नाही. रस्त्यावर गाडी अडवून चिरीमिरीचे आणखी एक निमित्त निर्माण होईल. मागणी वेगळी आहे. एक, गाडीचे हस्तांतरण होताना एअरबॅगचे कोड वाचल्याचा छापील अहवाल कागदपत्रांत सक्तीचा असावा. दोन, टॅक्सी आणि ओला-उबरसारख्या सेवांतल्या गाड्यांच्या फिटनेसमध्ये चावी ‘ऑन’ केल्यावर दिवा लागतो आणि विझतो का, हे नोंदवल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. तीन, रेझिस्टर लावून यंत्रणा फसवणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवावा आणि तो गाडी विकणाऱ्यालाही लागू व्हावा. चार, दोषाचा कोड आणि त्याचा अर्थ मालकाला लेखी देणे सर्व्हिस सेंटरवर बंधनकारक असावे.

मालकाचे हक्कही विसरू नका. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्धच्या एका प्रकरणात, अपघातात एअरबॅग न उघडल्याबद्दल ग्राहकाला मिळालेली भरपाई कायम ठेवली. वेग आणि आघाताचे गणित मांडणे हे ग्राहकाचे काम नाही, असा त्या निकालाचा आशय होता. हा निकाल गाडीमालकाच्या हातात मोठे बळ देतो. पण वर्षभर जळता दिवा घेऊन फिरलेला माणूस उद्या न्याय मागायला गेला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्या दिव्याबद्दलच विचारील.

आणि एक प्रश्न कायद्याच्याही आधीचा आहे. हा दिवा चालकासमोर असतो. शेजारी बसलेल्या बायकोला, मागे बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांना, टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाला तो क्वचितच दिसतो आणि दिसला तरी त्याचा अर्थ बहुधा माहीत नसतो. त्यांनी गाडीत बसताना ही जोखीम पत्करलेली नसते. ती चालकाने त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता घेतलेली असते. म्हणून ज्यांना अजूनही वाटते की या दिव्याने काही बिघडत नाही, त्यांनी एवढेच करावे: गाडीत कुणी बसण्याआधी त्याला स्पष्ट सांगावे की या गाडीची एअरबॅग बहुधा उघडणार नाही, हे मला माहीत आहे, तरी बस. ज्याला हे वाक्य तोंडून काढणे जड जाईल, त्याने गाडी आधी दुरुस्तीला न्यावी.